एकदाच बुडा, पण रीतसर बुडा

यंदा पुरात बुडायचा बेत असेल, तर तयारीला आत्तापासून लागा. ऐनवेळी बुडणाऱ्यांचे फार हाल होतात.

पूर्वी असं नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले. तेव्हाची माणसं कुठलीही नोंदणी न करता निर्धास्त बुडाली. पुढे त्यांतले काही गोखलेनगरला निसेन हट नावाच्या तात्पुरत्या घरांत राहायला गेले. एखाद्या कुटुंबानं दोन ठिकाणांहून घोंगडी उचलली का, हे तपासायला सरकारकडे कारकुनाच्या स्मरणशक्तीपलीकडे काही नव्हतं. आज आधार आहे, पैसे थेट खात्यात टाकणारी डीबीटी आहे, अंगठा लावून ओळख पटवणारी ई-केवायसी आहे, आणि एका विभागाची यादी दुसऱ्या विभागाच्या यादीवर ठेवून बघायची सरकारला लागलेली गोडी आहे. त्यातून ज्याचं नाव दोनदा सापडतं त्याला ‘दुबार लाभार्थी’ म्हणतात. घर जाऊ द्या, फ्रिज जाऊ द्या, पण दुबार होऊ नका.

आधी नावाकडे बघा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत शेवटी, रेशनकार्डावर नुसतं आद्याक्षर, असं असेल तर तुम्ही तीन माणसं आहात. तीन माणसांनी एका खोलीचे पैसे मागणं शोभत नाही. उलट, तुमच्याच वस्तीत तुमच्याच नावाची दुसरी बाई असेल, तर तुम्ही दोघी मिळून एक आहात. हे गणित समजून घ्यायला जाऊ नका. सेतू केंद्रातला मुलगा सांगतो तेच खरं: ‘काकू, सिस्टीम घेत नाही.’

मग बुडण्याच्या मुदतीचं बघा. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत कुटुंबामागे कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० रुपये धरलेत. एवढ्यात एकदाही संसार उभा राहत नाही, म्हणून तो कुणी दोनदा उभा करू नये याची फार काळजी घ्यावी लागते. घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं नसेल तर ते दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असावं, अशी अट आहे. सिंहगड रस्त्यावरचं पाणी या बाबतीत बेशिस्त. पहाटे येतं, गाद्या, गॅस, मुलांची दप्तरं सगळं भिजवतं आणि रात्रीच्या आत निघून जातं. राज्य सरकार ही अट अधूनमधून शिथिल करतं, हे मान्य. पण त्या भरवशावर राहू नका. पाणी आलं की त्याला बसवून घ्या. आल्यागेल्याला दारातच ‘निघताय का?’ विचारायची आपली सवय तेवढ्यापुरती आवरा.

भाड्यानं राहत असाल तर मालकाला आधीच विनंती करा, की पुराच्या रात्री मुक्कामाला या. तो औंधला कोरडा झोपणार आणि तुम्ही त्याच्या खोलीत गुडघाभर पाण्यात, तर पंचनाम्याला आलेल्यानं वीजबिलावरचं नाव बघायचं की ओली माणसं? एका छताखाली दोन भाऊ आणि दोन चुली असल्या, तर एक चूल बुडू देऊ नका. रेशनकार्ड विभक्त केलेलं नसेल तर कागदावर तुम्ही एकत्र जेवता. धाकट्याची भांडी वाहून गेली असं सांगितलंत, तर ‘या पत्त्यावर दिलेत’ असं उत्तर येईल, आणि त्यावरून दोघा भावांत जे होईल त्याचा पंचनामा होत नाही.

सगळ्यात अवघड परिस्थिती दोन ठिकाणी नुकसान होणाऱ्यांची. मराठवाड्यातून आलेली कितीतरी माणसं पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांमध्ये राहतात. खोली इथे, सातबारा तिकडे. २०२४ च्या जुलैत इथे संसार भिजला असेल आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिकडे सोयाबीन कुजलं असेल, तर जरा संकोच बाळगा. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात म्हणून कुणी मुद्दाम पाऊस पाडून घेत नाही, हे तुम्हाला-मला कळतं. यादीला कळत नाही. तिला एकच क्रमांक दोनदा दिसतो. नदी वेगळी, जिल्हा वेगळा, वर्षही वेगळं, या गोष्टींसाठी तिच्यात रकाना असेलच असं नाही. तेव्हा दरवर्षी घरात एकदा बसून ठरवा, यंदा कुठे बुडायचं ते.

आता कुणी म्हणेल, चोर नसतात का? असतात की. लाडकी बहीण योजनेच्या याद्या पडताळल्या तेव्हा २०२५ मध्ये २६ लाखांवर लाभार्थ्यांचे हप्ते थांबवले गेले, आणि त्यात १४ हजारांहून जास्त भाऊ निघाले. ती पडताळणी चुकीची होती असं कोण म्हणेल? जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावं घुसवल्याचं उघड झालं, तेही बरंच झालं. फक्त तिथे निलंबित झाले ते तलाठी आणि महसूलचे कर्मचारी, म्हणजे यादी लिहिणारे. आणि अंगठा कुणाचा घ्यायचा असं ठरलंय? यादीत नाव असलेल्यांचा. रोगी एका घरात आणि काढा शेजारच्यांना, अशातली गत.

अमेरिकेतही दुबार मदतीला बंदी आहे, १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याच्या ३१२ व्या कलमानं. आपत्तीत मदत देणारी फेमा आणि आपत्तीनंतर कर्ज देणारी तिथली एसबीए ही सरकारी संस्था, दोघी संगणकावर याद्या जुळवतात. त्यासाठी लेखी करार करतात आणि तो चक्क जाहीर करतात. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी ६० कोटी ते १४० कोटी डॉलर चुकीच्या हाती गेल्याचा अंदाज काढला होता. कुणी पडलेल्या घराचा पत्ता म्हणून दफनभूमीचा पत्ता दिला होता, तुरुंगात असलेल्यांना घरभाडं मिळालं होतं. म्हणजे याद्या जुळवायला हव्यात, यात वाद नाही. पण जुळवायच्या नादात काय होतं तेही तिथेच बघा. २०१२ च्या सँडी वादळानंतर ज्यांना सरकारी कर्ज मंजूर झालं पण ज्यांनी ते घेतलंच नाही, त्यांना ते मिळालंच असं धरून घरबांधणीची मदत कापली जायची. न घेतलेले पैसे घेतल्याचा हा हिशेब बदलायला २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडे इतकी वाट बघावी लागणार नाही. आपण मुळात जाहीरच करणार नाही, कुठली यादी कुठल्या यादीशी जुळवली ते.

त्याला कायद्याचीही हरकत दिसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सरकारी लाभांसाठी सोय आहे: सरकारकडे आधीच असलेली तुमची माहिती त्यासाठी वापरायला तुमची नव्यानं संमती लागत नाही. माहिती अशी बिनविचारता फिरते. पत्ता बदलायचा असला की मात्र ती फिरत नाही, तुम्ही फिरता. आधार केंद्र, बँक, गॅस एजन्सी, रेशन कार्यालय.

आणि माहिती इतकी चालतीबोलती झालीच आहे, तर एक सांगतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेकनं विसर्ग झाला होता. नीट कळवलं नाही, अशी महापालिकेची तक्रार. कळवलं होतं, असं पाटबंधारे खात्याचं म्हणणं. हा एकच आकडा, तोही एका शहरातल्या एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जायचा होता. पूररेषेचंही तेच. पुराची हद्द दाखवणारी निळी रेषा आखतं पाटबंधारे खातं, बांधकामाची परवानगी देते महापालिका, खरेदीखत नोंदवतो दुय्यम निबंधक, वीजजोड देतं महावितरण, आणि मिळकतकराचं बिल मात्र त्या घरी न चुकता पोचतं. नदीच्या पोटात घर उभं राहीपर्यंत या सगळ्यांच्या फायलींची एकमेकींशी तोंडओळख नसते. घर बुडालं की त्यांना अचानक नातं आठवतं, आणि भांड्यांच्या २,५०० रुपयांवर सगळ्या एकत्र बसतात.

यावर चिडू नका. चिडलेल्या माणसाचा अंगठा मशीनला घामानं नीट लागत नाही.

शेवटचं, त्या एकाच नावाच्या दोघींबद्दल. दोघींची खोली एकाच रात्री भिजली असेल, दोघींच्या नावापुढे ‘दुबार’ लागलं असेल आणि दोघींचे पैसे एकमेकींमुळे अडकले असतील, तर दुसरीला शोधून काढा. ती फार लांब नसेल, पाणी एकाच ओढ्यातून आलंय. दोघी आपापली आधारकार्डं, पासबुकं आणि भिजलेल्या भांड्यांचे फोटो घेऊन तहसीलला जा. फक्त खिडकीशी एकेकटीनं उभ्या राहा. दोघी एकदम दिसल्यात तर आतला माणूस वैतागून म्हणेल, ‘यातली कोणती ठेवायची ते तुम्हीच ठरवून या.’