गुरुवार कुठे लपवलात?

‘पुणेकरांनो, पाणी भरून ठेवा! या दिवशी या भागांत नळ कोरडे राहणार, वाचा सविस्तर.’ अशा धाटणीचा मथळा जो कोणी लिहितो, त्याला दिवसही ठाऊक असतो आणि भागही. महापालिकेच्या प्रसिद्धिपत्रकात ते दोन्ही सुरुवातीलाच दिलेले असतात. पर्वती जलकेंद्रात देखभाल-दुरुस्तीची कामे असल्यामुळे गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, आणि त्याखाली पेठांची, नगरांची, सोसायट्यांची लांबलचक यादी. सरकारी भाषेला आपण एरवी नावे ठेवतो, पण निदान कामाचे ती आधी सांगते.

तेच पत्रक बातमीचे रूप घेऊन मोबाइलवर येते, तेव्हा त्यातला गुरुवार गायब झालेला असतो. पहिल्या परिच्छेदात पाणी हे जीवन असल्याचे समजते. दुसऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे शहराची तहान भागवतात, हे पुणेकरालाच सुनावले जाते. मग जाहिरात, मग ‘हेही वाचा’, मग पुन्हा जाहिरात. त्यानंतर ‘नागरिकांमध्ये तीव्र संताप’ असतो. कोणता नागरिक कुठे संतापला, याचा मात्र पत्ता नसतो. पत्रक सही-शिक्क्यानिशी जाहीर झालेले असतानाही माहिती ‘सूत्रांनी’ दिलेली असते, आणि अगदी तळाशी, अंगठा दुखेपर्यंत पान सरकवल्यावर, एकदाचा गुरुवार सापडतो. भागांची यादी तिथेही नसते. ‘शहरातील अनेक भाग’ एवढ्यावर बोळवण!

काय, कुठे, केव्हा, कोण, का आणि कसे, यांतले महत्त्वाचे ते इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच यायला हवे, हे पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला शिकवतात. महत्त्वाचे वर आणि किरकोळ खाली, या उलट्या पिरॅमिडची ही रीत कोणा प्राध्यापकाची हौस म्हणून टिकलेली नाही. छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पान लावत, त्या काळी ऐनवेळी जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापत असे, आणि शेवटचे दोन परिच्छेद गेले तरी वाचकाचे काही अडत नसे. आजच्या बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद कापले, तर बातमीच उरत नाही. मथळा भडक नसावा, खालच्या मजकुराला धरून असावा, असे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. मजकुराला धरून राहूनही काहीच न सांगणारा मथळा ही या मंडळींनी काढलेली पळवाट आहे.

टोलेजंग इमारतींचे एक वेळ भागते, त्यांच्याकडे जमिनीखालच्या टाक्या असतात आणि टँकरला द्यायला पैसे असतात. वाड्यात किंवा वस्तीत राहणाऱ्याला बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवावे लागते, आणि त्याने ही बातमी तळापर्यंत चाळत बसावे, अशी अपेक्षा आहे!

त्यातही संतापजनक प्रकार ‘उद्या’चा. छापील बातमीच्या आरंभी ‘पुणे, ता. १२’ असे असले, की ‘उद्या’ म्हणजे तेरा तारीख हे शेंबड्या पोरालाही कळत असे. आता तारीख मजकुरात नसतेच. वर बारीक अक्षरांत असते ती पानात शेवटचा बदल कधी केला त्याची. मग गेल्या वर्षीचा ‘उद्या’ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यंदा फिरतो, अर्धी सोसायटी बादल्या भरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी नळाला धो धो पाणी येते.