नखाएवढं ओझं

महायुद्धातल्या जर्मन शिपायाच्या पाठीवरची सॅक रंगवायची असेल, तर ती कोकणात रंगवू नये. रंगवायचीच झाली तर निदान आषाढात तरी नको.

आम्ही चिमुकल्या लष्करी प्रतिकृती बनवणारी माणसं; आमचं माप १:३५. खरी सॅक पस्तीस सेंटिमीटर, तर आमची एक. हे माप कुणा विद्वानाने खल करून ठरवलं असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तामिया या जपानी कंपनीने मोटरवर चालणारा खेळण्यातला पँथर रणगाडा काढला, तो आत बॅटऱ्या मावतील एवढा केला, आणि मागाहून मोजला तर पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरला! बॅटरीच्या सोयीपायी जगभरची माणसं अजून डोळे फोडून घेतायत.

त्यात ही टॉर्निस्टर ३९, म्हणजे जर्मन शिपायाची ती सॅक. तिच्या झाकणावर वासराचं केसाळ कातडं असायचं. रेझिनच्या, म्हणजे ओतीव प्लॅस्टिकच्या, त्या नखाएवढ्या तुकड्यावर ते केससुद्धा कोरलेले. बक्कलं पितळी पत्र्याची, मोहरीहून बारीक. पंखा लावावा तर बक्कल उडतं, बंद ठेवावा तर घामाचा थेंब सॅकवर, म्हणजे शिपायाच्या मानाने बादलीभर पाणी.

सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर पकडतो. आमच्याकडे ओलाव्याला काय तोटा! बक्कल सॅकला टेकेपर्यंत ते माझ्या बोटाचं झालेलं असतं. मॅट वार्निशची तऱ्हा उलटी. दमट हवेत फवारलं की पांढुरकं पडतं. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्सात निघालेल्या माझ्या शिपायाच्या पाठीवर थेट रशियातल्या स्टालिनग्राडचा बर्फ पडला.

हे सगळं ओटीवर मांडलेलं बघून आते म्हणाली, "मेल्या, ह्यां काय हाडलंस? उंदराची लेंडी?"

मी सगळं समजावलं. तिला रणगाड्यात रस नव्हता. "पावसाक काय घेतल्यान त्येणां?"

मी सॅकभोवती गुंडाळलेलं तिकोनी कापड दाखवलं. चार शिपायांनी चार कापडं बटणांनी जोडली की तंबू, एकट्याने अंगावर घेतलं की पाऊस अडतो.

"इरलांच मरे तां! मगे आधी सुकत घाल. ओला गुंडाळलंस तर बुरशी धरतली."

रंग खरंच ओला होता. तिने सॅक उचलून चुलीच्या कडेला, आमसुलांशेजारी ठेवली. धुराने सॅकवर जो मळका रंग चढलाय, तो रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या बापाला जमणार नाही. फक्त वास तेवढा कोकमाचा येतो.