आधी बस, मग शुल्क, मग मतदान

गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी गाडी घालायची तर पैसे मोजा, हे विल्यम विकरी १९५०च्या दशकापासून सांगत होते. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. न्यूयॉर्कने मनावर घेतलं थेट जानेवारी २०२५ मध्ये! तोवर विकरींना नोबेल मिळून आणि त्यांचं निधन होऊनही २८ वर्षं उलटली होती.

अंमल आधी केला सिंगापूरने, १९७५ साली. कॅमेरे नाहीत, संगणक नाही. काचेवर चिकटवायचा कागदी परवाना आणि तो नुसत्या नजरेनं तपासणारे कमानीपाशी उभे कर्मचारी. गाडीत चारजण असले तर शुल्क माफ. वेळ सकाळी ७.३० ते ९.३०. लोक कुठले ऐकायला! साडेनऊ वाजले की गाड्यांचा लोंढा आत. दोन-तीन महिन्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली.

तिथे सरकारची पकड घट्ट होती, त्यामुळे निभावलं. मतं मागून सत्तेवर येणाऱ्यांचं काय? लंडनने २००३ मध्ये नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे बसवून धाडस केलं. ते पाहून एडिनबराने २००५ मध्ये आधी जनमत घेतलं. सुमारे ७४ टक्के लोक 'नाही' म्हणाले, विषय संपला.

स्टॉकहोममध्येही विरोध कमी नव्हता. पण त्यांनी आधी जादा बस सुरू केल्या. मग २००६च्या जानेवारीपासून सात महिने शुल्क घेऊन पाहिलं. वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी घटली. मग शुल्क थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. मोकळे रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे शहरात निम्म्याहून थोडी जास्त मतं बाजूने पडली.

माझ्या मते परदेशातून उचलण्यासारखं हेच आहे: कशानंतर काय करायचं, तो क्रम. अभ्यासदौऱ्यावर गेलेली मंडळी मात्र कॅमेऱ्यांचे फोटो आणि दरपत्रक घेऊन येतात. (फोटोंत स्वतःही असतात, ते सोडा.) यंत्र कुठलाही कंत्राटदार बसवून देईल. पण शुल्क लागायच्या आधी बस वाढवायची म्हणजे तिजोरीत पैसा यायच्या आधी तो खर्च करायचा, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

त्यामुळे असा प्रस्ताव आला की मी दर किती हे नंतर बघतो. जादा बस कोणत्या तारखेपासून, ते आधी सांगा.