वेल्ड केलेलं फ्रीव्हील म्हणजे फिक्सी नव्हे

फिक्सी म्हणजे चाक फिरतं तोवर पॅडलही फिरत राहतात अशी सायकल. साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक धावू देणारं मागचं दातेरी चक्र म्हणजे फ्रीव्हील. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फिक्सीबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा: ‘पहिल्या फिक्सीवर पैसे घालवू नका. घरातली जुनी काळी सायकल काढा, फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करा, ब्रेक उतरवा. थांबायचं तर पॅडल मागे दाबायचं. जपानी कीरिन शर्यतीतले रेसर तरी कुठे ब्रेक लावतात? गिअर मोठा ठेवा आणि देखभाल विसरा.’

जुन्या सायकलीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. तिचं मागचं चाक आडव्या खाचेत बसतं, ते मागे ओढून चेन ताणता येते. फिक्सीला हे लागतंच. बाकी सल्ल्यातलं मला फारसं काही पटत नाही.

आधी वेल्डिंग. फ्रीव्हीलमधले कुत्रे (आतले खटके) जाम झाले की चाक आणि पॅडल एकत्र फिरू लागतात, इथवर ठीक. पण ते फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, निव्वळ आट्यांवर बसलेलं असतं. पॅडल पुढे मारलं की आटे आवळतात. फिक्सीचा वेग कमी करायला आपण पाय मागे रेटतो, म्हणजे नेमका आटे सुटायच्या दिशेने जोर लावतो. थांबायची गरज जितकी तातडीची तितका हा जोर मोठा, आणि चक्र सुटलं तर पाय मोकळे फिरतात, चाक पुढे धावतं. वर ब्रेकही काढून ठेवलेले! खऱ्या फिक्सीच्या ट्रॅक हबवर चक्राच्या बाहेर कमी व्यासाची आणखी एक पायरी असते, तिला उलटे आटे असतात आणि त्यावर लॉकरिंग (चक्राला अडवणारी कडी) बसते. चक्र सुटू पाहिलं तर ती उलट आणखी आवळते. सगळी फिक्सी या लॉकरिंगवर उभी आहे. काही जण यावर तोड म्हणून फ्रीव्हील थेट हबलाच वेल्ड करतात. मग चक्र झिजलं की अख्खं हब भंगारात. शिवाय काळ्या सायकलीचे क्रँक (पॅडलचे दांडे) कॉटर पिनेवर, म्हणजे ठोकलेल्या पाचरेवर, धरलेले असतात, आणि रोज पुढे-मागे दोन्हीकडून बसणाऱ्या झटक्यांनी ती सैल होत जाते.

‘पाय हाच ब्रेक.’ हो, पण फक्त मागच्या चाकाचा. वेग कमी होताना आपलं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि लवकर घसरतं. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २५ किमीला चांगला पुढचा ब्रेक साधारण ५ मीटरमध्ये थांबवतो, नुसतं मागचं चाक त्याच्या दुप्पट जागा घेतं. समोर रिक्षा अचानक वळली तर हे ५ मीटर कुठून आणणार?

कीरिनचं उदाहरण तर उलटंच आहे. १९४८ साली कोकुरात सुरू झालेली ही शर्यत बंदिस्त, तिरक्या ट्रॅकवर होते. सगळे एकाच दिशेने जातात, आडवं कुणी येत नाही, उलट मध्येच कुणी ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर आदळतील. त्याच जपानमध्ये रस्त्यावरच्या सायकलला पुढे आणि मागे ब्रेक कायद्याने लागतात. ब्रिटनमध्ये फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरला जातो, पण पुढचा ब्रेक हवाच. २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीने एका पादचारी महिलेला धडक दिली, ती दगावली, आणि पुढच्या वर्षी त्या तरुणाला चक्क १८६१ च्या कायद्याखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली.

मोठ्या गिअरबद्दल. ४८ दात पुढे आणि १६ मागे म्हणजे ३ चं प्रमाण. सिग्नलवरून निघताना गुडघे कुरकुरतात आणि पायाने चाक रोखणंही तितकंच जड जातं. आणखी एक मेख आहे. ४८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एकच पाय पुढे ठेवून चाक जाम केलं तर दरवेळी टायरचा तोच तुकडा घासतो. ४४ ला १७ घेतलं तर घासण्याच्या १७ जागा मिळतात, आणि २.६ च्या आसपासचं ते प्रमाण शहरात नवशिक्याला झेपतं. घाटाच्या उतारावर मात्र तेही पुरत नाही: ताशी ४५ किमीला पाय मिनिटाला सुमारे १४० फेऱ्या मारत असतात. तिथे पुढचा ब्रेक नसेल तर देवाचं नाव घ्या.

देखभाल कमी, हे मान्य. पण चेन सैल राहिली आणि चालत्यात उतरली तर मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं, म्हणून ताण बघत राहावा लागतो.

मग घ्यायचं काय? फ्लिप-फ्लॉप हबवाली साधी सायकल: एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड. सवय होईपर्यंत फ्रीव्हीलवर चालवा, मग चाक उलटं लावा. ‘फिक्सी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सायकली नुसत्या सिंगल-स्पीड (एकच गिअर, पण फ्रीव्हीलवाल्या) असतात, तेव्हा दुकानात हबच्या त्या दुसऱ्या बाजूला दोन पायऱ्यांचे आटे आहेत का, हे स्वतः वाकून बघा. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) ब्रेकसाठी भोक आहे का तेही बघा, कारण निव्वळ ट्रॅकसाठी बनवलेल्या काही फोर्कना ते नसतं.