‘विम्बल्डन’च्या नावाने तोडलेले तारे

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘खेळाडू मुलींच्या पालकांनी अवश्य वाचावे’ अशा मथळ्याचा एक संदेश आला आणि रॅकेटच्या मुठीवर नवी ग्रिप गुंडाळत बसलेल्या माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला तो तिच्या आजीने मोठ्याने वाचून दाखवला. २००४ साली आलेला ‘विम्बल्डन’ हा प्रेमपट एका ब्रिटिश टेनिसपटूची सत्यकथा आहे, त्यातले टेनिस शंभर टक्के अस्सल आहे आणि प्रेमात पडल्यावर मुलाचा खेळ बहरतो, मुलीचा मात्र संपतो, हे त्यातून सिद्ध होते, असा हा एकूण दावा.

सत्यकथा कोणाची, हे संदेशात लिहिलेले नाही आणि लिहिता येणारही नाही. चित्रपटातला नायक विम्बल्डनची स्पर्धा जिंकतो; प्रत्यक्षात तिथे १९३६ साली फ्रेड पेरी जिंकल्यानंतर पुरुष एकेरीत ब्रिटिश विजेता मिळायला २०१३ साल आणि अँडी मरे उजाडावा लागला. एवढे मात्र मान्य करतो, की जागतिक क्रमवारीत १२५व्या क्रमांकावरच्या, वाइल्ड कार्ड म्हणजे आयोजकांच्या मर्जीने थेट प्रवेश मिळालेल्या गोरान इव्हानिसेविचने २००१ साली पावसामुळे सोमवारवर गेलेल्या अंतिम सामन्यात पॅट राफ्टरला पाचव्या सेटमध्ये ९-७ असे हरवले होते, आणि ११९व्या क्रमांकावरचा नायक पीटर कोल्ट पाहताना त्याची आठवण होते. पण इव्हानिसेविच क्रोएशियाचा, आणि त्याआधी तीनदा अंतिम सामन्यात हरलेला.

टेनिसबद्दल फार लिहीत नाही. १९८७चा विजेता पॅट कॅश याने कलाकारांकडून तयारी करून घेतली, हे खरे. पण अनेक दृश्यांतला चेंडू संगणकावर काढलेला आहे.

राहिला तिसरा मुद्दा, ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे. नायिका लिझी ब्रॅडबरी उपान्त्य सामन्यात हरते, हाच म्हणे पुरावा. पटकथेत हरवलेली मुलगी हा पुरावा मानायचा, तर त्याच चित्रपटाच्या शेवटी ती पुढे अमेरिकन ओपन आणि दोनदा विम्बल्डन जिंकल्याचे नायक सांगतो, तेही मानावे लागेल. आणि पटकथेबाहेरचे उदाहरण हवे असेल, तर १९७४चे विम्बल्डन पाहावे. ख्रिस एव्हर्ट तेव्हा १९ वर्षांची होती आणि जिमी कॉनर्सशी तिचा साखरपुडा झालेला होता. तिने ओल्गा मोरोझोवाला ६-०, ६-४ असे हरवून महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि कॉनर्सने केन रोझवॉलला हरवून पुरुषांचे. ते ठरलेले लग्न पुढे मोडले, एव्हर्टचा खेळ मात्र मोडला नाही. १९७९मध्ये जॉन लॉइडशी विवाह झाल्यावरही तिने १९८१चे विम्बल्डन जिंकले. गंमत अशी, की हीच एव्हर्ट या चित्रपटात समालोचक म्हणून दिसते. संदेश लिहिणाऱ्याच्या ती डोळ्यांसमोर होती.

हा मजकूर गटावर टाकणाऱ्या आतेभावाला मी फोन केला, तेव्हा त्याने चित्रपट पाहिलेलाच नसल्याचे कबूल केले.