स्पीकर घरी ठेवा की राव!

रविवारी पावनखिंडीच्या ट्रेकला परत तेच! सकाळी पन्हाळ्यावर एक पठ्ठ्या दगडानं तटबंदीवर बदाम कोरत होता, शेवाळ खरवडून पांढरा चुरा खाली पडेपर्यंत, आणि दोस्त व्हिडिओ काढायला. पुढं मसाई पठार ओलांडून कासारीच्या खोऱ्यातल्या झाडीत शिरलो तर मागनं स्पीकर ढुमढुम! अरे, गाणीच ऐकायची तर एवढं चालत येतायसा कशाला? पाखरू तरी थांबतंय का तिथं? ह्याच वाटेनं १६६० च्या जुलैत भर पावसात महाराज विशाळगडाकडं निघाले, बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे खिंडीत लढता लढता पडले, आणि त्याच पावनखिंडीच्या ओढ्यात तुमचे वेफर्सचे पुडे? रिकामा पुडा खिशात घालायला वजन किती लागतंय? डोकं फिरलंय नुसतं!