हर्ली धरताना वरचा हात कोणता

आयर्लंडमधल्या लिमरिक आणि आसपासच्या मराठी कुटुंबांच्या गटात गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी विचारले की, त्यांचा मुलगा हर्लिंग बरे खेळतो, उन्हाळ्यात त्याची सहावी, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेची शेवटची इयत्ता, संपेल, तर खेळात पुढे जाण्यासाठी त्याला कोणत्या माध्यमिक शाळेत घालावे. तासाभरात तीन-चार नामांकित शाळांची नावे आली आणि प्रत्येकीने आजवर किती करंडक जिंकले याची उजळणीही झाली. हा मुलगा मुळात हर्लिंग शिकला ती प्राथमिक शाळा कोणती, तिथे त्याला कोणी शिकवले, हे मात्र कोणीच विचारले नाही. मला या प्रकरणात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते गटावरच्या दोन ओळींत मावणारे नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हर्लिंग हा आयर्लंडचा मैदानी खेळ असून त्यात एका बाजूला 15 खेळाडू असतात. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश लाकडाची, टोकाशी रुंद आणि चपटी काठी असते; तिला इथे हर्ली म्हणतात आणि चामड्याच्या लहान चेंडूला स्लिटर. चेंडू गोलखांबांमधल्या आडव्या दांड्यावरून गेला की 1 गुण मिळतो आणि दांड्याखालून जाळ्यात गेला की 3. आयरिश भाषेत या काठीचे नाव 'कमॉन' असे आहे आणि त्याच्या मुळाशी वाकडेपणाचा अर्थ आहे. आपल्या कमानीशी त्याचे काही नाते नाही, पण कोल्हापूरहून आलेल्या माझ्या आईने ते पहिल्याच दिवशी जोडून टाकले आणि आमच्या घरात ती काठी आजही कमानच आहे.

आम्ही इथे आलो तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता आणि त्याला क्रिकेटशिवाय दुसरे काही ठाऊक नव्हते. शाळेच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या हातात हर्ली आली आणि त्याने ती बॅटीसारखी धरली, म्हणजे डावा हात वर आणि उजवा खाली. इथले लोक या पकडीला 'गोल्फ ग्रिप' म्हणतात आणि ती मोडून काढणे हे प्रशिक्षकाचे पहिले काम मानले जाते. हर्लिंगमध्ये बळकट हात दांड्याच्या टोकाशी, म्हणजे वर असावा लागतो. धावताना, चेंडू जमिनीवरून उचलताना, मागून हर्ली घालून दुसऱ्याचा फटका अडवताना ती बहुतेक वेळा एकाच हातात असते आणि दुसरा हात चेंडू झेलण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. पकड उलटी राहिली तर सरावात फटके उत्तम बसतात, पण सामन्यात गर्दीत सापडल्यावर तो खेळाडू एका क्षणाने मागे पडतो आणि हर्लिंगमध्ये तेवढाच क्षण मिळत असतो.

त्याच्या वर्गशिक्षिका हर्लिंगच्या नामवंत प्रशिक्षक वगैरे नव्हत्या. त्यांनी त्याच्या हर्लीच्या वरच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळली, तोच रंग त्याच्या उजव्या मनगटाला बांधला, आणि मधल्या सुट्टीत तो मैदानावर उतरला की लांबूनच स्वतःचे मनगट उंचावून दाखवायच्या. असे दोन-अडीच महिने रोज चालले. जमिनीवरचा चेंडू हर्लीने उचलायची युक्ती त्याला, विटी कोलण्याच्या आमच्या जुन्या सवयीच्या आधारे, मी घरी थोडी समजावू शकलो. बाकी सर्व त्या बाईंनी केले. हेच काम पंधराव्या वर्षी करायला घेतले असते तर ते जवळपास अशक्य होते, असे इथले कोणीही जाणकार सांगतील. नामवंत माध्यमिक शाळेत मुलगा बारा-तेरा वर्षांचा होऊन पोहोचतो, तोवर त्याचा वरचा हात ठरलेला असतो.

हर्लिंगच्या घरात जन्मलेल्या मुलाला शाळेची एवढी गरज नसते, हे मान्य केले पाहिजे. त्याला तिसऱ्या वर्षी प्लास्टिकची हर्ली मिळते, घराच्या भिंतीवर तो संध्याकाळभर चेंडू मारत असतो आणि रविवारी आजोबा त्याला मैदानावर नेतात. गावागावातले क्लब याच कुटुंबांवर उभे आहेत. कोल्हापुरात फुटबॉल जसा पेठेपेठेच्या तालमींचा असतो आणि कोणाचा पाठिंबा कोणाला हे जन्मानेच ठरते, तसे इथे धर्मग्रामाच्या म्हणजे पॅरिशच्या क्लबचे आहे. पण ज्याच्या घरात कोणी खेळलेले नाही, ज्याचे आईवडील पोलंड, नायजेरिया, केरळ किंवा कोल्हापूरहून आले आहेत, त्याला क्लबच्या दारापर्यंत नेणार कोण? त्या दाराशी कोणी अडवत नाही, तरीही तिथे एकट्याने जाण्याची हिंमत आमच्यासारख्यांना होत नाही. शाळेत मात्र प्रत्येक मूल जातेच आणि शाळा त्याच्या घराण्याची चौकशी न करता त्याच्या हातात काठी देते.

शॉन ओग ओ हॅल्पिन यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. वडील उत्तर आयर्लंडमधल्या फर्मानाचे, आई फिजीची, जन्म फिजीचा आणि बालपण सिडनीत. 1988 मध्ये कुटुंब कॉर्कला आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. नॉर्थ मोनॅस्ट्री या शाळेत त्यांचे हर्लिंग घडले आणि 1994 मध्ये त्या शाळेने मन्स्टर प्रांताचा शालेय हार्टी करंडक आणि अखिल आयर्लंड शालेय विजेतेपद मिळवले तेव्हा ते संघात होते. 2005 मध्ये कॉर्कचे कर्णधार म्हणून त्यांनी अखिल आयर्लंड विजेतेपदाचा लियम मॅकार्थी करंडक उचलला आणि भाषण आयरिश भाषेत केले. दुसरे उदाहरण झॅक मोरादी यांचे आहे. इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला हा कुर्द मुलगा 2002 मध्ये लीट्रिमला आला आणि शाळेत त्याच्या हाती हर्ली पडली. लीट्रिम हा हर्लिंगचा प्रदेशच नव्हे, तरीही 2019 मध्ये लीट्रिमने डब्लिनच्या क्रोक पार्क या मुख्य मैदानावर खालच्या श्रेणीतल्या संघांचा लॉरी मार करंडक जिंकला तेव्हा मोरादी त्या संघातून खेळत होते. दोघेही वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास आले आणि दोघांनाही शाळा भेटली. चार वर्षे उशिरा आले असते तर काय झाले असते याचा मी पुष्कळदा विचार करतो.

या खेळाच्या इतिहासात शिक्षक पहिल्या दिवसापासून आहेत. 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या हॉटेलात जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन) ही आयरिश खेळांची संघटना स्थापन झाली, तिचे प्रमुख प्रवर्तक मायकल क्यूसॅक हे पेशाने शिक्षकच होते. किलकेनीच्या सेंट कीरन्स कॉलेजमधले शिक्षक फादर टॉमी मार यांनी 1957 ते 1975 या काळात किलकेनीला सात अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळवून देताना हर्लिंगचे एकेक कौशल्य सुटे करून शिकवण्याची पद्धत रुजवली; ती पाहिली की वर्गात फळ्यासमोर उभे राहण्याची सवय असलेल्या माणसालाच ती सुचू शकते हे पटते. किलकेनीचे व्यवस्थापक म्हणून 11 विजेतेपदे मिळवणारे ब्रायन कोडी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. 1914 नंतर थेट 1995 मध्ये क्लेअरला विजेतेपद मिळवून देणारे गेर लॉखनन हेही प्राथमिक शिक्षकच.

मोठ्या माध्यमिक शाळांचे महत्त्व मी नाकारत नाही. लिमरिकमध्ये राहून ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. लिमरिक सीबीएस या शाळेने 1964 ते 1967 असे सलग चार वेळा हार्टी करंडक जिंकला आणि 1973 मध्ये लिमरिकने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले तेव्हा त्या शाळेच्या संघातले एमन क्रेगन मैदानावर होते. त्यानंतर 45 वर्षे हाती काही लागले नाही. 2010 मध्ये आर्डस्कॉल रीश या शाळेने प्रथमच हार्टी करंडक जिंकला, 2011, 2014, 2016 आणि 2018 मध्ये पुन्हा जिंकला, आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये लिमरिकने तो दुष्काळ संपवला. त्या दिवशीचे कर्णधार डेक्लन हॅनन हे याच शाळेच्या 2010 आणि 2011 च्या संघांतले. पण या क्रमावरून सर्व श्रेय शाळेला देणेही बरोबर नाही. त्याच काळात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघटनेने कुमारवयीन खेळाडूंसाठी प्रबोधिनी उभी केली होती, तिच्यामागे लिमरिकचे उद्योगपती जे. पी. मॅकमॅनस यांचे आर्थिक बळ होते, आणि आर्डस्कॉल रीशच्या संघांत शेजारच्या क्लेअरची मुलेही मोठ्या संख्येने असत.

माझा आक्षेप आहे तो या शाळांकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीवर. सेंट कीरन्सच्या नावावर वीसहून अधिक अखिल आयर्लंड शालेय विजेतेपदे आहेत, एनिसच्या सेंट फ्लॅनन्सच्या नावावर वीसहून अधिक हार्टी करंडक आहेत, आणि या आकड्यांकडे पाहून पालक मुलांना तिकडे धाडतात. आपल्याकडे सचिन तेंडुलकरने आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली ती कथा आपण ज्या कौतुकाने सांगतो, तेच कौतुक इथेही आहे. पण ज्या शाळेत आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतली तयार मुले येऊन पडतात, तिने संघ उत्तम बांधला याचे श्रेय तिला जरूर द्यावे, तो खेळाडू तिने घडवला असे म्हणताना मात्र जरा थांबावे. जानेवारी-फेब्रुवारीच्या चिखलात, तीन बाजूंनी ओरडणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर खेळल्याने मुलगा खंबीर होतो हे मी स्वतः पाहिले आहे. त्याच वेळी संघाच्या यादीत न आलेली, चौदाव्या वर्षी हर्ली कोपऱ्यात ठेवून दिलेली मुलेही मी पाहिली आहेत. आमच्या परिचयातल्या एका मुलाला निवड चाचणीच्या दुसऱ्या दिवशी यादीत नाव नसल्याचे फक्त फलकावरून कळले. कोणीही त्याच्याशी एक शब्द बोलले नाही आणि क्लबनेही बोलावणे पाठवले नाही. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण हे एकाच शाळेत घडत असेल असे मला वाटत नाही.

याच्या उलट प्राथमिक शाळांतले चित्र आहे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी इथे 'गो गेम्स' नावाची पद्धत असून तिच्यात संघ लहान असतात, प्रत्येक मुलाला खेळायला मिळते आणि विजेतेपदाला महत्त्व नसते. कुमन ना मुनस्कल ही प्राथमिक शाळांची संघटना शिक्षकांच्या स्वयंसेवेवर स्पर्धा चालवते, आणि अखिल आयर्लंडच्या मोठ्या सामन्यांच्या मध्यंतरात क्रोक पार्कवर जी चिमुकली मुले काउंटीचे पोशाख घालून खेळतात तीही याच शाळांमधून येतात. प्राथमिक अभ्यासक्रमात सर्व शारीरिक शिक्षण मिळून आठवड्याला जेमतेम 1 तास असतो. त्यात पोहणे, जिम्नॅस्टिक्स, नृत्यही बसवायचे असते, म्हणजे हर्लिंगला जो वेळ मिळतो तो मधल्या सुट्टीतला आणि शाळा सुटल्यानंतरचा, शिक्षकाच्या स्वतःच्या वेळातला असतो. त्याचे वेगळे मानधन त्याला मिळत नाही. इथल्या प्राथमिक शिक्षकांत स्त्रिया 80 टक्क्यांहून अधिक आहेत, त्यामुळे पुरुषांचा समजला जाणारा हा खेळ हजारो मुलांना पहिल्यांदा एखाद्या बाईंकडून मिळतो. त्यांतल्या अनेक जणी स्वतः कमोगी, म्हणजे स्त्रियांचे हर्लिंग, खेळलेल्या असतात.

क्लब आणि जीएए शाळांमध्ये पगारी प्रशिक्षक पाठवतात, त्याचा उपयोग आहेच. पण तो प्रशिक्षक सहा आठवडे येतो, कवायत छान करून घेतो आणि पुढच्या शाळेत जातो. मनगट उंचावून दाखवायला रोज कोणीतरी लागते. लिमरिकचे मेरी इमॅक्युलेट कॉलेज शिक्षक घडवणारे महाविद्यालय आहे आणि त्याच्या संघाने 2016 व 2017 मध्ये विद्यापीठ पातळीवरचा फिट्झगिबन करंडक जिंकला. त्या मैदानावरची कित्येक मुले आज कुठल्या ना कुठल्या गावात तिसरी-चौथीला शिकवत असतील, आणि मला त्या करंडकाचे खरे मोल तिथे दिसते. या साखळीचा एक दुवा मात्र अतिशय नाजूक आहे. बहुतेक शाळांत हर्लिंग एका शिक्षकाच्या जिवावर चालते. ते निवृत्त झाले किंवा बदलून गेले की दोन वर्षांत हर्लींचा डबा साठवणीच्या खोलीत जातो. डब्लिनसारख्या ठिकाणी घरभाडे परवडत नाही म्हणून तरुण शिक्षक टिकत नाहीत आणि मग वर्गाला शिक्षक मिळणे हाच प्रश्न होतो, तिथे हर्लिंगची आठवण कोण ठेवणार?

म्हणून माझ्या मते पैसा आणि लक्ष यांचा ओघ खालच्या वर्गांकडे वळायला हवा. सामन्याला मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाच्या वर्गावर बदली शिक्षक मिळावा. प्रत्येक प्राथमिक शाळेकडे मुलांच्या मापाच्या हर्ली आणि हेल्मेटे स्वतःच्या मालकीची असावीत, कारण हेल्मेट सक्तीचे आहे, त्याची किंमत हर्लीहून बरीच जास्त असते आणि नव्याने आलेल्या कुटुंबाचे पाऊल तिथेच अडते. ज्या शाळेतून वर्षाला एकच मुलगा क्लबात टिकतो, तिच्याही शिक्षकाला काउंटीच्या वार्षिक समारंभात बोलवावे. यातले पहिले सरकारने करायचे आहे, बाकीचे क्लब उद्याही करू शकतात.

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच कळवले की, मुलाला घराजवळच्या, त्याचे मित्र जातील त्या माध्यमिक शाळेत घाला आणि क्लब सोडू देऊ नका. त्यांची धाकटी मुलगी पहिलीत आहे. तिच्या शाळेत हर्लिंग कोण शिकवते असे मी विचारले, तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की, पूर्वी एक बाई शिकवायच्या, त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, आणि हर्लींचा डबा अजून शाळेच्या व्हरांड्यातच पडून आहे. शनिवारी आम्ही दोघे मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहोत. चेंडू भिंतीवर मारण्यापलीकडे मला काही येत नाही, पण वरचा हात कोणता हे मला सांगता येते.